लस माहीत आहे, टोचून घेतलेली नाही: नर्सिंगच्या मुली आणि एचपीव्ही

बेळगावच्या कुठल्याही नर्सिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाच्या मुलीला विचारा, गर्भाशयमुखाचा कॅन्सर कशाने होतो. एचपीव्ही नावाच्या विषाणूने, असं उत्तर लगेच येईल. त्याचे टाइप १६ आणि १८ सगळ्यांत घातक, हेही ती सांगेल; पेपरात येतं ते. मग विचारा, त्याची लस तू स्वतः घेतलीस का? 'नाही अजून.' का नाही? 'घ्यायची आहे, बघू.'

हे 'बघू' बेळगावपुरतं नाही. नर्सिंग, मेडिकल, डेंटल शिकणाऱ्या मुलींच्या भारतात ज्या पाहण्या झाल्या, त्यांत हेच चित्र पुन्हा पुन्हा दिसतं. माहिती बऱ्यापैकी, घ्यायची तयारीही बऱ्यापैकी, आणि प्रत्यक्ष टोचून घेतलेल्या मुली फार थोड्या.

हा विषय आता घरोघरी पोचला आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने जानेवारी २०२३ मध्ये 'सर्व्हाव्हॅक' ही एचपीव्हीवरची देशी लस बाजारात आणली, आणि फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ९ ते १४ वयाच्या मुलींच्या लसीकरणाला सरकार प्रोत्साहन देईल असं जाहीर केलं. तेव्हापासून शाळकरी मुलींबद्दल भरपूर बोललं गेलं. पण १८-२० वर्षांची जी मुलगी उद्या पांढरा कोट घालून त्याच शाळकरी मुलींना सुई टोचणार आहे, ती स्वतः या हिशेबात कुठेच बसत नाही. सरकारी योजनेसाठी ती मोठी झाली आणि स्वतःच्या पैशांनी घ्यायला अजून कमावती नाही.

आधी मुळातलं: ही लस आहे कशाची?

एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. याचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. काहींनी नुसती हातापायाला चामखीळ येते. १४ च्या आसपास प्रकार कॅन्सरकडे नेऊ शकतात. पसरतो तो मुख्यतः शरीरसंबंधातून. बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी लागतोच, आणि वर्ष-दोन वर्षांत शरीर त्याला हाकलूनही देतं. ज्या थोड्या बायकांच्या शरीरात तो मुक्काम ठोकतो, त्यांच्या गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बदलत जातात. त्यातून कॅन्सर व्हायला साधारण १५-२० वर्षं लागतात. हा संबंध उलगडणाऱ्या जर्मन संशोधकाला, हॅराल्ड त्सुर हाउझेन यांना, २००८ चं नोबेल मिळालं. भारतात २०२२ साली या कॅन्सरच्या सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्ण झाल्या आणि ८० हजारांच्या आसपास बायका गेल्या. बायकांच्या कॅन्सरमध्ये स्तनाच्या कॅन्सरनंतर याचाच नंबर.

बेळगावकरांना लस ही काही नवलाई नाही. टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो आज सकाळच्या फेरीसाठी आणि सभांच्या मैदानासाठी माहीत असला, तरी त्याला ते नाव पडलं ब्रिटिश काळात तिथे देवीची लस तयार होत असे म्हणून. त्या काळची देवीची लस म्हणजे वासराच्या कातडीवर वाढवलेला जिवंत विषाणूच. म्हणून दंडावर फोड यायचा, ताप यायचा, आणि आजीच्या दंडावरचा तो गोल व्रण जन्मभर राहायचा.

एचपीव्हीच्या लशीत विषाणू नसतोच, जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही. यीस्टच्या पेशींकडून विषाणूच्या वरच्या आवरणाचं प्रथिन बनवून घेतात. ती प्रथिनं आपोआप एकत्र येऊन त्यांचा विषाणूसारखा गोळा होतो, पण आत काही नसतं. भुईमुगाच्या शेंगेचं टरफल असावं आणि दाणाच नसावा, तसं. टरफल कितीही पेरा, उगवणार नाही. पण शेंग दिसते कशी हे शरीराला कळतं, आणि पुढे खरी शेंग आलीच तर ते तयार असतं.

सर्व्हाव्हॅक चार प्रकारांविरुद्ध आहे: ६, ११, १६ आणि १८. यातल्या १६ आणि १८ मुळे गर्भाशयमुखाचे साधारण ७० टक्के कॅन्सर होतात. ६ आणि ११ गुप्तांगावरच्या चामखिळी करतात. 'गार्डासिल ९' या दुसऱ्या लशीत आणखी पाच प्रकारांची भर आहे, त्यामुळे तिचा आवाका ९० टक्क्यांच्या आसपास जातो.

वीस वर्षांच्या मुलीला आता काय उपयोग?

हा प्रश्न नर्सिंगच्या मुलीच सर्वांत जास्त विचारतात, कारण '९ ते १४' हे आकडे त्यांनी पाठ केलेले असतात. ते वय उत्तम, यात शंका नाही. लस बचाव करते, उपचार करत नाही. विषाणू यायच्या आधी ती घेतली तर पूर्ण फायदा मिळतो, आणि कमी वयात शरीराचा प्रतिसादही जोरदार असतो.

पण उत्तम वय सरलं म्हणून उपयोग संपला, असं नाही. स्वीडनमध्ये १६ लाखांहून जास्त मुली आणि तरुणींच्या नोंदी तपासल्या गेल्या; निष्कर्ष २०२० मध्ये आले. ज्यांनी १७ व्या वर्षाआधी लस घेतली होती त्यांच्यात हा कॅन्सर ८८ टक्क्यांनी कमी दिसला. १७ ते ३० या वयात घेतलेल्यांत घट कमी होती, पण तीही ५३ टक्के होती. म्हणजे उशिरा आलेलीलाही निम्म्याहून अधिक संरक्षण. स्कॉटलंडने २०२४ मध्ये आपल्या नोंदी जाहीर केल्या: १२-१३ व्या वर्षी लस घेतलेल्या मुलींत या कॅन्सरची एकही केस सापडली नव्हती.

आपल्याकडच्या मुलींची तर एक वेगळी बाजू आहे. खानापूर, चिकोडी, निपाणीकडून येऊन हॉस्टेलवर राहणाऱ्या बहुतेक मुलींची लग्नं शिक्षण संपल्यावरच होतात. युरोपातल्या वीस वर्षांच्या मुलीच्या तुलनेत विषाणूशी अजून गाठ न पडलेल्या मुली इथे जास्त असणार. लशीच्या दृष्टीने त्या उशिरा आलेल्या नाहीत. वेळ टळलेली नाही, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

मग 'घ्यायची आहे' आणि 'घेतली' यांच्यामध्ये अडतं कुठे?

आरोग्याच्या अभ्यासात या दोन गोष्टी वेगळ्या मोजतात. 'घ्यायची आहे' हा हेतू, 'घेतली' ही कृती. या दोहोंत अंतर पडतंच, व्यायामापासून बचतीपर्यंत सगळीकडे पडतं. इथे ते इतकं मोठं का, हे कळायला त्याच वर्गातली दुसरी लस पाहावी.

हिपॅटायटिस बी. वॉर्डात पोस्टिंग सुरू व्हायच्या आधी बऱ्याच कॉलेजांत ही लस मुलींना दिली जाते. तीन डोस: आज, महिन्याने, सहा महिन्यांनी. सी.आर., म्हणजे वर्गप्रतिनिधी, यादी करते, मॅडम तारीख सांगतात, सगळ्या रांगेत उभ्या राहतात, हात चोळत वर्गात परत येतात. घरी फोन करून 'घेऊ का' असं कोणी विचारत नाही. आई-वडीलही काही म्हणत नाहीत. तीच मुलगी, तोच दंड, तीच सुई. एक लस झाली, दुसरी राहिली. तेव्हा या मुली लशीला घाबरतात, अडाणी आहेत, सोशल मीडियाने बहकल्यात, ही सगळी कारणं निकालात निघतात.

फरक असा की हिपॅटायटिस बीची भीती डोळ्यांना दिसते. लस न घेतलेल्या नर्सला बाधित रुग्णाची सुई टोचली तर शंभरात तीसपर्यंत धोका असतो, हे पहिल्याच वर्षी शिकवतात, आणि सुया तर रोज हातात असतात. एचपीव्हीचा धोका आहे पंधरा-वीस वर्षांनंतरचा. वीस वर्षांच्या माणसाला चाळिशीतल्या आजाराची भीती वाटावी अशी अपेक्षा करणंच चुकीचं आहे. ती डॉक्टरांनाही वाटत नाही. शिवाय 'मी तशी नाही, मला कशाला होईल' हा विचार आहेच. इथे सगळा हिशेब स्वतःच्या वागणुकीचा होतो आणि नवऱ्याचा पूर्वेतिहास त्यात धरलाच जात नाही. आयुष्यात एकच जोडीदार असलेल्या बाईलाही हा कॅन्सर होतो, हे ओपीडीत बसणाऱ्या मुली रोज पाहतात. तरी ते स्वतःला लागू करणं जड जातं.

दुसरा फरक पैशांचा. सर्व्हाव्हॅक बाजारात आली तेव्हा एका डोसची किंमत २,००० रुपये होती; गार्डासिल ९ चा एक डोस दहा हजारांच्या आसपास जातो. आपल्या भागात २,००० रुपये म्हणजे कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचा घरी येणारा एका महिन्याचा हप्ता. ही रक्कम अशक्य नाही, पण मागावी लागते. मागितली की कारण सांगावं लागतं, आणि कारण सांगायचं म्हणजे वडिलांसमोर या विषयाला तोंड फोडायचं. खरी अडचण पैशांपेक्षा या संभाषणाची आहे. अठरा पूर्ण झाल्यावर संमती मुलीची स्वतःचीच चालते, कायद्याने तिला कोणाच्या सहीची गरज नाही. पण कायदा घरातली शांतता सांभाळत नाही.

त्यात सीमाभागाची आपली एक गाठ आहे. मुलगी कॉलेजात इंग्रजीतून शिकते, वॉर्डात कन्नडमधून बोलते, घरी मराठीत. लशीची माहितीपत्रकं मिळाली तर ती कन्नड किंवा इंग्रजीत. खानापूर तालुक्यातल्या गावात बसलेल्या आईच्या हातात ठेवता येईल असा एक मराठी कागद नसतो. मग सगळं मुलीनेच तोंडी समजावायचं, तेही पिशवीचं तोंड, संबंध, विषाणू हे शब्द वापरून, फोनवर, मागे भाऊ बसलेला असताना. चंदगड-आजऱ्याहून शिकायला आलेल्या मुलींचं आणखी वेगळं. घर महाराष्ट्रात, कॉलेज कर्नाटकात. कर्नाटकच्या शक्ती योजनेत शेजारणीला बसचा प्रवास फुकट, हिला तिकीट. आरोग्य योजनेच्या बाबतीतही आपण कुठल्या सरकारच्या यादीत, हे तिला नीट माहीत नसतं.

तिसरी गोष्ट सर्वांत साधी आणि माझ्या मते सर्वांत वजनदार: तिला कोणी 'घे' असं म्हटलेलंच नसतं. जगभरच्या अभ्यासांत लस घेण्यामागचं सर्वांत भक्कम कारण म्हणून एक गोष्ट सतत पुढे येते. विश्वासातल्या डॉक्टरने, नर्सने किंवा शिक्षिकेने सरळ शिफारस केलेली असणं. नर्सिंग कॉलेजात एचपीव्हीवर तासभर लेक्चर होतं, स्लाइड्स होतात, चार्ट होतात. 'तुमच्यापैकी कोणी घेतली नसेल तर घ्या, मी घेतली आहे' हे एक वाक्य राहून जातं. बऱ्याच शिक्षिकांनी स्वतः घेतलेली नसते, कारण त्यांच्या वेळी ती नव्हती किंवा परवडणारी नव्हती. मग त्या संकोचतात, आणि लस 'अभ्यासक्रमातली' राहते.

उरलेल्या अडचणी किरकोळ वाटतात, पण काम त्याच अडवतात. लस फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, त्यामुळे प्रत्येक मेडिकलवाल्याकडे नसते. विचारलं की 'मागवून देतो, उद्या या'. उद्या ड्युटी. शेवटचा डोस सहा महिन्यांनी, म्हणजे नेमका युनिव्हर्सिटी परीक्षेत नाहीतर सुट्टीत गावी असताना. अमेरिकेतल्या एका कंपनीत फ्लूच्या लशीबाबत एक साधा प्रयोग झाला होता, २०११ मध्ये तो छापून आला. काही कर्मचाऱ्यांना पत्रात फक्त एवढंच सांगितलं की लस कुठल्या तारखेला, किती वाजता घेणार ते इथे लिहून ठेवा. ते कोणी तपासलं नाही, जमाही करून घेतलं नाही. तरीही लस घेणाऱ्यांचं प्रमाण शंभरामागे साधारण चारने वाढलं. 'बघू'ची जागा 'गुरुवारी अकराला' या शब्दांनी घेतली, बाकी काहीच बदललं नव्हतं.

'लग्नाआधी असली लस कशाला?'

हा आक्षेप आईचा, मावशीचा, कधी हॉस्टेलच्या मावशींचाही. त्यामागची भीती खोटी नाही. स्थळं येऊ लागली आहेत, गाव लहान आहे, उद्या कोणी विचारलं 'हिने ती लस का घेतली' तर? लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या विषाणूवरची लस घेणं म्हणजे कशाची तरी कबुली, असं लोकांना वाटतं.

खरं तर लग्नाआधी घेतलेली लसच जास्त कामाची. विषाणू आला की त्या प्रकाराविरुद्ध तिचा उपयोग संपतो. हिपॅटायटिस बीसुद्धा शरीरसंबंधातून पसरतो, आणि ती लस आता तान्ह्या बाळाला जन्मल्याबरोबर देतात; तिच्यावरून कोणी कोणाचं चारित्र्य काढत नाही. लस घेतल्याने मुलींच्या वागण्यात फरक पडतो का, हेही परदेशात मोठ्या प्रमाणावर तपासलं गेलं. पडत नाही. घरी समजावताना 'विषाणू' शब्दापासून सुरुवात करण्यापेक्षा 'ही कॅन्सरची लस आहे, वॉर्डात रोज रुग्ण बघतेय' इथून सुरुवात केली तर ऐकणारं माणूस बिथरत नाही, आणि त्यात खोटं काहीच नाही.

मूल होण्यावर परिणाम? आणि त्या सात मुलींचं काय?

मूल न होण्याची भीती अनेक ठिकाणी डोकं वर काढून गेली आहे. २००६ पासून जगात कोट्यवधी डोस दिले गेले. लशीमुळे वंध्यत्व येतं असा पुरावा सापडलेला नाही. उलट, कॅन्सरआधीच्या बदललेल्या पेशींचा भाग कापून काढायची वेळ आली तर त्या शस्त्रक्रियेमुळे पुढे अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं वाढतात. दंड दुखणं, थोडा ताप, डोकेदुखी हे होतं. तरुण मुलींना सुईनंतर चक्कर येऊ शकते, म्हणून पंधरा मिनिटं बसवून ठेवतात. गरोदरपणात ही लस देत नाहीत, ती सावधगिरी म्हणून.

जपानने जून २०१३ मध्ये दुष्परिणामांच्या बातम्यांमुळे लशीची सरकारी शिफारस थांबवली. सत्तर टक्क्यांच्या आसपास असलेलं लसीकरण एक टक्क्याच्याही खाली घसरलं. पुढच्या तपासण्यांत लशीचा दोष सिद्ध झाला नाही, आणि एप्रिल २०२२ मध्ये शिफारस पुन्हा सुरू झाली. मधल्या नऊ वर्षांत मोठ्या झालेल्या मुली मात्र लशीविना राहिल्या.

आपल्या देशातली गोष्ट अधिक अवघड आहे आणि ती झाकून ठेवू नये. २००९ मध्ये आंध्रच्या खम्मम आणि गुजरातच्या वडोदरा जिल्ह्यांत एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या प्रकल्पात हजारो मुलींना ही लस दिली गेली. त्या काळात सात मुली दगावल्या आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. चौकशीत या मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. एक बुडून, एक साप चावून, अशी कारणं होती. पण त्याच चौकशीतून दुसरी बाब उघडी पडली. आश्रमशाळांत राहणाऱ्या मुलींच्या संमतीपत्रांवर आई-बापांऐवजी वॉर्डन आणि मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. संसदीय समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. लस निर्दोष होती, ती देण्याची रीत नव्हती. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या मेसेजमध्ये या दोन गोष्टींचा काला झालेला असतो.

'सीरमचीच ना? कोविशिल्डवाली?'

हो, तीच कंपनी. एप्रिल-मे २०२४ मध्ये ॲस्ट्राझेनेकाने ब्रिटनच्या कोर्टात, आपल्या कोविड लशीमुळे अत्यंत क्वचित रक्ताच्या गुठळ्यांचा आजार होऊ शकतो, असं मान्य केल्याच्या बातम्या आल्या. ती लस भारतात कोविशिल्ड म्हणून सीरम बनवत होती. जानेवारी २०२१ मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांनाच ती सर्वांत आधी मिळाली, तेव्हा नर्सिंगच्या मुलींनी हा प्रश्न विचारणं रास्त आहे.

पण दोन्ही लशींची बनावट अगदी निराळी. कोविशिल्डमध्ये एका दुसऱ्या विषाणूच्या पाठीवर कोरोनाची जनुकीय माहिती शरीरात पाठवली जाते. सर्व्हाव्हॅकमध्ये जनुकीय माहितीच नाही, फक्त वर सांगितलेलं टरफल आहे. गुठळ्यांचा तो आजार या जातीच्या लशींशी जोडलेला नाही.

एक डोस, दोन की तीन?

इथे भल्याभल्यांचा गोंधळ होतो, कारण दोन खरी उत्तरं आहेत. सर्व्हाव्हॅकच्या अधिकृत वेळापत्रकात ९ ते १४ वयाला दोन डोस आणि १५ ते २६ वयाला तीन: आज, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र डिसेंबर २०२२ मध्ये म्हटलं की २० वर्षांपर्यंतच्या मुलींना एक किंवा दोन डोस पुरतात, २१ नंतर सहा महिन्यांच्या अंतराने दोन. एचआयव्हीसारखी प्रतिकारशक्ती कमी करणारी स्थिती असेल तर किमान दोन, जमल्यास तीन.

एका डोसचा हा पुरावा कुठून आला, तर बराचसा आपल्याकडूनच. २००९ मध्ये भारतात एक वेगळी चाचणी सुरू झाली होती, बार्शी आणि पुण्यासह अनेक ठिकाणी, दोन डोस आणि तीन डोस यांची तुलना करायला. २० हजार मुली घ्यायच्या होत्या. खम्ममच्या गदारोळात एप्रिल २०१० ला सरकारने सगळ्याच चाचण्यांत लस देणं थांबवलं. तोवर १७ हजारांहून जास्त मुलींना लस मिळाली होती, आणि त्यांतल्या पाच हजारांच्या आसपास मुलींचा एकच डोस झाला होता. संशोधकांनी त्यांना सोडून दिलं नाही, वर्षानुवर्षं तपासत राहिले. दहा वर्षांनी दिसलं की १६ आणि १८ च्या चिवट संसर्गापासून एका डोसनेही सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळालं होतं. केनियात तर १५ ते २० वयाच्याच मुलींवर चाचणी झाली; एका डोसने दीड वर्षाच्या पाहणीत ९७.५ टक्के संरक्षण दिलं.

मग एकोणीस वर्षांच्या मुलीने काय करावं? डॉक्टरांशी बोलून ठरवावं, आणि तीन डोसांचे ६,००० जमत नाहीत म्हणून पहिलाच डोस अडवून ठेवू नये.

कॉलेजने सक्तीच का करू नये?

हिपॅटायटिस बीसारखी यादी करून रांग लावली की प्रश्न मिटेल, असं वाटणं साहजिक आहे. यादी जरूर करावी, सक्ती नको. हिपॅटायटिस बी हा कामातून येणारा धोका आहे; तो टाळणं कॉलेजची जबाबदारी आहे. एचपीव्ही वॉर्डातून येत नाही, तो मुलीच्या खाजगी आयुष्याचा भाग आहे. शिवाय हॉस्टेलमधल्या मुली, वॉर्डनचा अधिकार आणि लस, या तीन गोष्टी एकत्र आल्यावर खम्मममध्ये काय झालं ते वर आलंच आहे.

सक्तीशिवायही कॉलेजच्या हातात बरंच आहे. लस कॉलेजातच आणावी, पोस्टिंगच्या वेळेत द्यावी. पुढच्या डोसची तारीख परीक्षेचं वेळापत्रक समोर ठेवून पहिल्याच दिवशी द्यावी. हप्त्याने पैसे भरायची सोय करावी. मराठीत आणि कन्नडमध्ये एक पानी माहिती छापून मुलींच्या हाती द्यावी, म्हणजे शनिवारी गावी जाताना ती बॅगेतून घरी पोचेल. कोणी घेतली, कोणी नाही याची नावं फलकावर लावू नयेत. रांगेत 'लग्न झालंय का' असं विचारू नये; लशीला त्या उत्तराची गरज नाही. आणि शिक्षिकांनी 'ऐच्छिक आहे' एवढंच सांगून न थांबता 'मी शिफारस करते' असंही म्हणावं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

नर्सिंगला मुलगेही असतात आता. विषाणू त्यांनाही लागतो, त्यांच्याकडून पसरतो, आणि सर्व्हाव्हॅकला पुरुषांसाठीही मान्यता आहे. त्यांना वगळलं की ही 'बायकांची लस' ठरते आणि मुलींच्या मागे लागणाऱ्या नजरा वाढतात.

आणि आईचं?

घरी हा विषय निघालाच तर मुलीच्या लशीइतकीच आईच्या तपासणीची गोष्ट काढावी. पंचेचाळिशीच्या आईला आता लशीचा फारसा लाभ नाही, तपासणीचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या बायका देशभरात २ टक्क्यांच्याही आत निघाल्या. लस घेतलेल्या मुलींनाही तिशीनंतर ती करावीच लागते, कारण लशीत सगळे प्रकार येत नाहीत.

सरकारी दवाखान्यांत जी पद्धत वापरतात तिला व्हीआयए म्हणतात. गर्भाशयाच्या तोंडावर सौम्य ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच, लावतात आणि मिनिटभर थांबतात. पेशी बदललेल्या असतील तिथे पांढरा डाग उमटतो. भूल लागत नाही, टाका लागत नाही, उत्तर तिथल्या तिथे मिळतं. डाग दिसलाच तर तो कॅन्सर आहे असं नव्हे, पुढची तपासणी करायची एवढंच. पाळी चालू नसेल असा दिवस पाहून जावं, आणि आई एकटी जायला लाजत असेल तर नर्सिंगला शिकणारी मुलगी सोबत आहेच.